बिअरवाल्याचा थर्मामीटर

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून एक माणूस रोज आपल्या वहीत येऊन बसतो आणि आपण त्याला साधी ओळखही दाखवत नाही. न्यूमरिकल सोडवायचं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढं एक कॅपिटल जे लिहायचा. लिहायचा राहिला तर अर्धा मार्क जातो. तो जे म्हणजे जेम्स प्रेस्कॉट जूल. हा गृहस्थ प्रोफेसर नव्हता. कुठल्याही कॉलेजात तो शिकायला गेला नाही आणि शिकवायलाही नाही. मानद पदव्या मिळाल्या त्या पुढं, नाव झाल्यावर. त्याच्या घरचा धंदा होता बिअर बनवायचा आणि ऐन उमेदीची वर्षं त्यानं त्या धंद्यात काढली.

लेखाचं नाव वाचून रेक्टर सरांच्या कपाळावर आठी पडली असेल, म्हणून आधीच सांगतो. हा लेख पिण्यावर नाही, बनवण्यावर आहे. शिवाय महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. फर्स्ट इयरवाल्यांनी एवढं वाक्य दोनदा वाचावं आणि पुढं जावं.

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा. सॅल्फर्ड आणि मँचेस्टर म्हणजे एकाच नदीचे दोन काठ, मधून इरवेल वाहते. कापसाच्या गिरण्या, धूर, कोळसा आणि दिवसभर राबून तहानलेले कामगार. अशा गावात बिअरचा धंदा न चालला तरच नवल. आजोबांनी सुरू केलेली ब्रुअरी वडिलांनी वाढवली होती आणि घर तिला लागूनच होतं. पोरगं मात्र नाजूक. पाठीच्या कण्याचा त्रास, त्यात लाजाळू. त्यामुळं शाळेत न घालता मास्तर घरी बोलावून शिकवलं. १८३४ साली त्याला आणि थोरल्या भावाला मँचेस्टरमध्ये एका म्हाताऱ्या मास्तरांकडं शिकवणीला पाठवायला लागले. हे मास्तर म्हणजे जॉन डाल्टन. होय, अणुसिद्धांतवाले. केमिस्ट्रीच्या पुस्तकात आपण ज्यांना भेटतो ते डाल्टन या दोघा भावांना अंकगणित आणि भूमिती शिकवत होते. दोनेक वर्षांत डाल्टनना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. पण मोजमाप कसं करायचं आणि कशासाठी, हे खूळ पोराच्या डोक्यात शिरलं ते तिथूनच असावं.

खूळ म्हणजे खरंच खूळ. दोघा भावांनी विजेचे झटके एकमेकांना देऊन पाहिले, घरच्या नोकरांनाही दिले. आपल्या विंगमध्ये कुणी असला प्रकार केला तर थेट घरी पत्र जाईल.

आता ब्रुअरीत काय चालतं ते थोडं बघू, कारण जूल समजायचा तर ते समजायला पाहिजे. सातूसारखं धान्य (बार्ली) भिजवायचं, मोड आणायचे, मग भट्टीत वाळवून मोड थांबवायचे. हा झाला मॉल्ट. तो भरडून गरम पाण्यात कालवायचा, याला मॅश म्हणतात. धान्यात तयार झालेली एन्झाइम्स इथं स्टार्चची साखर करतात. आणि इथंच खरी गोम आहे. पाणी साधारण ६२-६३ अंश सेल्सिअसला ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. ६८-७० च्या आसपास ठेवलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर जडशी, तोंडात भरून राहणारी होते. त्याच्याही वर फार गेलात तर एन्झाइम मरतं आणि सगळा मॅश वाया. नंतर तो गोड रस हॉप्स घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. तिथं पुन्हा तापमान. एल प्रकारची बिअर पंधरा ते बावीस अंशांच्या दरम्यान आंबते, लागर आठ ते बारा अंशांना. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो केळं-लवंग घालून आणलेला नसतो. तो यीस्टचा असतो आणि पिंप किती उबेत ठेवलं यावर कमी-जास्त होतो.

आमच्या बेंबळीकडं (जिल्हा धाराशिव) हे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात न्यायचं आंबील आधी मुरवत ठेवतात. ज्वारीचं पीठ, ताक आणि पाणी. थंडी कडाक्याची असेल तर बिंदगं चुलीच्या उबेला सरकवायचं, ऊन असेल तर गारव्याला. कधी सरकवायचं ते आजीच्या हाताला कळतं. आंबिलात काम करतात ते ताकातले जिवाणू, बिअरमध्ये यीस्ट, आणि आंबिलानं काही झिंग येत नाही. पण उबेचा हिशोब दोन्हीकडं तोच. आफ्रिकेत तर मोड आलेल्या ज्वारीचीच बिअर करतात. फरक एवढाच की आजीचं बिंदगं एक असतं. सॅल्फर्डच्या ब्रुअरीत मोठमोठी पिंपं होती, आणि दोन-चार अंशांची चूक म्हणजे मालकाचं थेट नुकसान. म्हणून इंग्लंडच्या ब्रुअरीवाल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच थर्मामीटर हाती घेतला होता. जूल वाढला तो थर्मामीटर वाचणाऱ्या माणसांत.

त्याचा पहिला मोठा प्रश्न शास्त्रातला नव्हताच, तो धंद्यातला होता. ब्रुअरीत वाफेचं इंजिन होतं. तेव्हा विजेची मोटर नवीन निघालेली, आणि ती जग बदलणार अशी हवा होती. १८४० च्या सुमारास विशी-बाविशीतल्या जूलनं विचार केला, वाफेचं इंजिन काढून मोटर बसवली तर परवडेल का? आज आपण ज्याला फीजिबिलिटी स्टडी म्हणतो तो हाच. त्यानं मोटरी बनवल्या आणि मोजायला लागला. बॅटरीत एक पौंड जस्त जाळून किती वजन किती उंच उचललं जातं आणि एक पौंड कोळशात किती. उत्तर आलं ते मोटरच्या विरुद्ध. चांगलं वाफेचं इंजिन एक पौंड कोळशात जे काम करायचं, ते एक पौंड जस्तापेक्षा चार-पाच पट जास्त होतं, आणि जस्त कोळशाच्या कितीतरी पट महाग. मोटरचा बेत बारगळला.

पण मोजता मोजता एक गोष्ट लक्षात आली. तार तापते. किती तापते? करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. आय स्क्वेअर आर! इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुमचा जूल्स लॉ हा असा ब्रुअरीचा कोळसा वाचवायच्या खटपटीत सापडलेला आहे. त्यानं तो रॉयल सोसायटीकडं पाठवला. त्यांनी पूर्ण निबंध छापला नाही, नुसता गोषवारा छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसऱ्या मासिकात आला.

त्या काळी बहुतेक मोठ्या लोकांचं मत असं की उष्णता हा एक अदृश्य पदार्थ आहे, कॅलरिक नावाचा. तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो, नवीन तयार होत नाही आणि नष्टही होत नाही. सादी कार्नोनं १८२४ साली इंजिनाचा जो सिद्धांत मांडला तोही याच समजुतीवर उभा होता. पाणी उंचावरून पडून चक्की फिरवतं आणि पाणी तेवढंच राहतं, तसंच उष्णतेचं, असा हिशोब. जूलला हे पटेना. डायनामो हातानं फिरवला की तारेत उष्णता येते. ती आली कुठून? कुणी ओतली? फिरवणाऱ्याच्या श्रमाशिवाय तिथं दुसरं काही नव्हतं. म्हणजे श्रमाचीच उष्णता झाली. मग किती श्रमाला किती उष्णता, हा भाव ठरवायला पाहिजे. डॉलर-रुपयाचा असतो तसा.

१८४३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क गावी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यानं पहिला आकडा सांगितला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ८३८ पौंड वजन एक फूट उचललं जाईल. सभेत शांतता. कुणी विरोधही केला नाही. सेमिनार दिल्यावर कुणीच प्रश्न विचारत नाही तेव्हा कसं वाटतं, ते आपल्याला माहीत आहे. आपल्याला बरं वाटतं. त्याला वाटलं नसणार. पुढच्या वर्षी हवा दाबून केलेल्या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीनं सरळ परत केला.

अडचण कुठं होती? जूलचं सगळं म्हणणं थर्मामीटरच्या अगदी बारीक हलण्यावर उभं होतं. एवढ्याशा फरकावरून निसर्गाचा नियम सांगायचा, आणि सांगणारा कोण, तर मँचेस्टरकडचा बिअरवाला. एका अंशाचा दोनशेवा भाग मी वाचू शकतो, असा त्याचा दावा होता. विद्यापीठातल्या लोकांना हे अशक्य वाटलं. ब्रुअरीवाल्याच्या तालमीतल्या माणसाला तेवढं वाटलं नसतं. मँचेस्टरचा कारागीर जॉन बेंजामिन डान्सर यानं त्याला उत्तम थर्मामीटर करून दिले हे खरं, पण उपकरण चांगलं असून भागत नाही. खोलीतली हवा, भिंतीची ऊब, आपल्याच अंगाची उष्णता, सगळं सांभाळावं लागतं. हा हात आणि ही नजर ब्रुअरीतून आली असं विज्ञानाच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं. जूलनं शेवटचे नाजूक प्रयोग प्रयोगशाळेत न करता एका मोठ्या तळघरात केले, कारण तिथलं तापमान सर्वांत स्थिर असतं. तळघराची किंमत पिंपवाल्याला बरोबर कळते.

मेकॅनिकलच्या पुस्तकात ज्याची आकृती असते तो वल्ह्याच्या चाकाचा प्रयोग हाच. तांब्याचं भांडं, त्यात पाणी साधारण सहा लिटर. आत पितळेची फिरती वल्ही आणि मधे अडवणाऱ्या स्थिर पट्ट्या, म्हणजे पाणी नुसतं गरगर फिरत राहू नये, घुसळलं जावं. बाहेर दोरीला टांगलेली दोन शिशाची वजनं, प्रत्येकी सुमारे २९ पौंड. ती सव्वापाच फूट खाली येतात आणि दोरीनं वल्ही फिरतात. वजनं पुन्हा वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची, असं वीस वेळा. मग थर्मामीटर बघायचा. एवढा खटाटोप करून पाणी तापायचं किती, तर अर्धा अंश फॅरनहाइटपेक्षा थोडं जास्त. सेल्सिअसमध्ये जेमतेम एक तृतीयांश अंश! आणि हे एकदा करून झालं नाही, फक्त पाण्याचेच चाळीस प्रयोग आहेत. पाऱ्यात केले ते वेगळे, लोखंडावर लोखंड घासून केले तेही वेगळे. आपण लॅबमध्ये तीन रीडिंग घेतो आणि त्यातली दोन मागच्या बॅचच्या जर्नलमधून.

ज्यांना खात्री करायची त्यांनी गणित मांडून बघा. ५८ पौंड गुणिले १०५ फूट. भागिले साडेतेरा-चौदा पौंड पाणी (भांड्याची उष्णताधारकता धरून) गुणिले ०.५६. उत्तर पावणेआठशेच्या आसपास येतं. हा प्रयोग जूलनं १८४५ पासून सुधारत नेला आणि १८५० साली छापलेला त्याचा आकडा ७७२ च्या जरा वर होता.

त्याआधी १८४७ साल आलं, आणि ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं साल. एप्रिलमध्ये त्यानं मँचेस्टरच्या सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात साध्या लोकांसमोर आपलं सगळं म्हणणं व्याख्यानात मांडलं. ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, हे तिथं आलं. ते पूर्ण छापून आलं ते मँचेस्टर कुरिअर या स्थानिक वर्तमानपत्रात. म्हणजे एवढा मोठा नियम जगासमोर आला तो भाव-बाजार आणि जाहिरातींच्या शेजारी. जूनमध्ये ऑक्सफर्डला पुन्हा ब्रिटिश असोसिएशन. विभागाच्या अध्यक्षांनी सांगितलं, निबंध वाचू नका, थोडक्यात तोंडी सांगा. यावेळी मात्र श्रोत्यांत एक तेवीस वर्षांचा प्राध्यापक बसला होता, विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. तो सभेतच उठून बोलला असं जूल सांगायचा, तर सभा संपल्यावर बोललो असं थॉमसन. काही असो, विषय त्याच्या डोक्यात बसला. त्याला पटलं होतं असं नाही. तो कार्नोचा भक्त होता, त्यामुळं उलट त्याची झोप उडाली असावी. कार्नो खरा की जूल? त्या वर्षांत क्लॉसियस आणि थॉमसन दोघांनी हा गुंता सोडवला, आणि त्यातून आपल्या थर्मोडायनॅमिक्सचा पहिला आणि दुसरा नियम शेजारी शेजारी उभे राहिले. ज्या विषयात आपल्या अर्ध्या वर्गाची केटी लागते त्या विषयाचा जन्म हा असा आहे.

ऑगस्टमध्ये जूलचं लग्न झालं, अमेलिया ग्राइम्सशी. मधुचंद्राला ते आल्प्सकडं गेले. तिथं शामोनीच्या रस्त्यावर थॉमसनशी अचानक गाठ पडली. थॉमसननं नंतर रंगवून सांगितलेली गोष्ट अशी की जूलच्या हातात एक लांबलचक थर्मामीटर होता. धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायचं होतं, कारण पडलेलं पाणी थोडं तापायलाच पाहिजे. सालांशच्या धबधब्याजवळ दोघांनी प्रयत्न केला, पण तुषारांनी काही धड मोजू दिलं नाही. थॉमसनला गोष्टी फुलवायची सवय होती म्हणतात, तेव्हा थर्मामीटरची लांबी आपण सोडून देऊ. आपल्या आंबोलीच्या धबधब्याला गेलात तर करून बघायला हरकत नाही. शंभर मीटरला साधारण पाव अंशाचा फरक यायला हवा, वाऱ्यानं उडून गार झाला नाही तर.

१८५० ला रॉयल सोसायटीनं निबंध छापला. तिथंही एक निष्कर्ष त्यांनी गाळायला लावलाच, की घर्षण म्हणजेच कामाचं उष्णतेत रूपांतर. मोजलेला आकडा चालेल, त्याचा अर्थ नको. त्याच वर्षी त्याला सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

पुढच्या काळात थॉमसनबरोबर त्यानं गॅसवर काम केलं. दाबलेला गॅस बारीक छिद्रातून सोडला की बहुतेक वेळा गार होतो, हा जूल-थॉमसन परिणाम. कार्ल फॉन लिंडं या जर्मन इंजिनिअरनं १८९५ मध्ये तो वापरून हवा द्रवरूप केली. आणि हा लिंडं त्याआधी प्रसिद्ध होता तो कशासाठी? ब्रुअरीला थंड ठेवणारी यंत्रं बनवण्यासाठी! १८७० च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीत त्याची यंत्रं लागली आणि हिवाळ्याचा बर्फ साठवून ठेवायची गरज सरली. ती यंत्रं वेगळ्या तत्त्वावर चालायची, त्यांचं श्रेय जूलला देता येत नाही. तरी ब्रुअरी काही या मंडळींना सोडत नाही.

इंडस्ट्रियल व्हिजिटला आम्ही संभाजीनगरच्या एका बिअर कारखान्यात गेलो होतो. बाहेर गोड लापशीसारखा वास. आत तीन मजली उंच स्टीलच्या टाक्या, त्यांना गार ग्लायकॉलचं वेष्टन, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रत्येक टाकीचं तापमान दशांश चिन्हासकट. पोरं सॅम्पल मिळतं का बघत होती, मिळालं नाही. मला मात्र ती दशांशाची रांग बघण्यासारखी वाटली. मराठवाड्यातला माणूस तिथं पाण्याचाही विचार करतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. आणि ते योग्यच झालं. हल्ली क्राफ्ट बिअरच्या छोट्या ब्रुअऱ्या निघाल्यात. पुण्यात २००९ ला डुलाली निघाली, तिचं नाव नाशिकजवळच्या आपल्या देवळालीवरून पडलेल्या इंग्रजी शब्दाचं. अशा जागी काचेपलीकडं टाक्या दिसतात, बनवणाराही भेटतो. नोकरी लागल्यावर कधी गेलात तर मॅश किती अंशांना ठेवला ते त्याला विचारा. तो खूश होईल आणि समोरच्या ग्लासाची चवही जास्त कळेल.

जूलकडं परत येऊ. १८५४ मध्ये अमेलिया वारली. तिसरं मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेलं होतं. पदरात एक मुलगा, एक मुलगी. याच सुमारास ब्रुअरी विकली गेली. लाजाळू होताच, आता आणखी आत गेला. त्यात वाद सुरू झाला तो मायरचा. जर्मन डॉक्टर युलिउस रॉबर्ट मायर जहाजावरून जावाला गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांचं रक्त जास्त लाल दिसतं, एवढ्यावरून त्यानं १८४२ मध्येच काम आणि उष्णतेच्या भावाची गोष्ट काढली होती. पहिला कोण? इंग्रज जर्मनांशी भांडले, इंग्रज इंग्रजांशीही भांडले. रॉयल सोसायटीनं १८७० चं कॉप्ली पदक जूलला दिलं आणि १८७१ चं मायरला. मला विचाराल तर कल्पना मायरला आधी सुचली आणि भाव जूलनं ठरवला. चाळीस वेळा वजनं गुंडाळणं हे सुचण्यापेक्षा कमी नाही.

घरचा पैसा प्रयोगांत आणि वर्षांत संपत गेला. १८७८ मध्ये सरकारनं त्याला सालीना दोनशे पौंड पेन्शन दिली. त्याच वर्षी, साठीला टेकलेला असताना, त्यानं तोच वल्ह्याचा प्रयोग पुन्हा नव्यानं करून नवा आकडा काढला. कुणी सक्ती केली नव्हती. १८८९ च्या ऑगस्टअखेर पॅरिसच्या विद्युत परिषदेनं ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं. ११ ऑक्टोबर १८८९ ला मँचेस्टरजवळच्या सेल गावी राहत्या घरी तो गेला. मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे, समोर डाल्टन मास्तरांचा.

त्याची कबर सेलच्या ब्रुकलँड्स दफनभूमीत आहे. दगडावर नावाबरोबर १८७८ चा तो आकडाही कोरलाय, ७७२.५५. आज आपण धरतो तो ७७८ च्या किंचित वर आहे.